जॅक नावाचा गडी

पंक्चरच्या टपरीसमोर कांद्याच्या गोण्या भरलेला टेम्पो उभा होता. मागचं डावं चाक बसलेलं, त्यामुळे सगळा टेम्पो एका कुशीवर कललेला आणि ताडपत्रीच्या दोऱ्या ताणून टणक झालेल्या. टपरीवरचा विशीतला पोरगा पालथा पडून ॲक्सलखाली जॅक सरकवत होता. ड्रायव्हर कानाला फोन लावून येरझाऱ्या घालत होता. पलीकडच्या कुणाला तरी समजावत होता, "अशी बदली होत नसते बाबा. वरून जॅक लावावा लागतो. लागला की कळव मला." आणि त्याच दमात, फोन कानाचा न काढता, खाली वाकून म्हणाला, "तिथं नको लावू जॅक, पाट्याजवळ घे, नाहीतर सटकंल." पोराने गाडीखालूनच उत्तर दिलं, "मामा, फळी टाकलीय खाली. नाही सटकत."

एका दमात दोन जॅक. बोलणारा अडखळला नाही, ऐकणारा गोंधळला नाही. एक जॅक लोखंडाचा, तेलाने माखलेला, आणि दुसरा कुठल्याशा कार्यालयातला, ज्याला हात लावता येत नाही. दोन्हींचं काम उचलण्याचं, एवढा धागा लगेच दिसतो. पण त्याच्यामागे गेलं की प्रश्न पडतो, की उचलायच्या यंत्राला माणसाचं नाव कसं काय? कारण जॅक हे नाव आहे. इंग्लंडातल्या एखाद्या पोराला हाक मारायचं, अगदी घरगुती नाव.

इंग्रजी कोशात या चार अक्षरांखाली रकानेच्या रकाने भरलेले असतात. गाडी उचलणारा जॅक, पत्त्यांतला जॅक, हेडफोनची पिन जिथे बसते तो जॅक, जहाजाच्या पुढच्या टोकावरचा छोटा झेंडा, घट्ट बूट ओढून काढायची खाचेची फळी, सुताराचा रंधा, हार्पसिकॉर्ड या पियानोसारख्या जुन्या वाद्यात तार छेडणारी लाकडी पट्टी, नर गाढव. वाचणाऱ्याला वाटतं, हे सगळे वेगवेगळे शब्द असून केवळ योगायोगाने एकसारखे दिसत असतील. बहुतेक तसं नाही. एकाच नावाला इतक्या ठिकाणी कामाला लावलं आहे. आणि गंमत ही, की त्या नावाचंच मूळ पक्कं सांगता येत नाही.

जॅक हे जॉनचं लाडाचं रूप, इथवर वाद नाही. वाद आहे तो हे रूप आलं कुठून याचा. ऐकायला ते फ्रेंच 'झाक'सारखं लागतं, आणि इंग्लंडवर फ्रेंच बोलणाऱ्यांनी दीर्घकाळ राज्य केलं, म्हणून ते तिथून आलं असं मानणं सोपं होतं. अडचण अशी की झाक म्हणजे बायबलातला याकोब, आणि इंग्रजीत त्या नावाचा जेम्स होतो. झाकवरून आलेलं नाव जेम्सला चिकटायला हवं होतं, ते जॉनला का चिकटलं? १८९२ साली ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयाचे प्रमुख ई. डब्ल्यू. बी. निकल्सन यांनी या एका नावाच्या वंशावळीवर पुस्तिकाच काढली. त्यांचं म्हणणं असं की जॅन या जॉनच्याच एका रूपाला 'किन' हा लहानपणाचा प्रत्यय लागला, जॅनकिन झालं, मधला 'न' घासला जाऊन जॅकिन झालं, आणि शेवटी शेपूट गळून जॅक उरला. मराठी कानाला हे लगेच पटतं. गणपतचा गणू आणि गणूचा गण्या, पांडुरंगाचा पांडू आणि पांड्या, हे आपण रोज करतो, आणि त्या घासण्यात मूळ नाव किती उरलं याची कुणी फिकीर करत नाही. तरीही झाक पूर्णपणे बाजूला सारता येत नाही. राज्यकर्त्यांच्या तोंडी रोज ऐकू येणाऱ्या नावाने घरच्या जॅकला बळ दिलंच नसेल, असं कोण म्हणेल? म्हणून कोशकार अजूनही दोन्ही वाटा दाखवतात आणि मूळ अनिश्चित असं लिहून थांबतात. ते प्रामाणिकपणाचं आहे.

मुळापेक्षा त्याचं पुढे काय झालं, ते जास्त बोलकं आहे. जॉन हे नाव इंग्लंडात इतकं पसरलं की जॅक म्हणजे कुणीही, असा अर्थ झाला. शेतावर राबणारा, रस्त्यातला, नाव विचारायची गरज नसलेला माणूस. १३८१ च्या शेतकऱ्यांच्या उठावातला एक पुढारी जॅक स्ट्रॉ या नावाने ओळखला गेला. स्ट्रॉ म्हणजे काड, पेंढा. आपल्याकडे एखाद्याने 'गण्या काडे' म्हणवून घ्यावं तसं. १४५० च्या उठावाचा म्होरक्या जॅक केड. आणि खाडीपलीकडे फ्रान्समध्ये १३५८ साली शेतकरी उठले, त्या बंडाला जाकरी म्हणतात, कारण तिथले सरदार शेतकऱ्याला सरसकट 'झाक बोनोम' म्हणत. म्हणजे मूळ एक असो वा दोन, दोन्ही देशांत जवळजवळ एकच हाक राबणाऱ्या माणसाच्या वाट्याला आली होती. त्या झाकांच्या अंगातल्या आखूड डगल्यावरून जॅकेट हा शब्द आला असं एक मत आहे, चिलखताच्या अरबी शब्दावरून आला असं दुसरं. पहिलं खरं असेल, तर आपल्या आजोबांच्या जाकिटातही हाच शेतकरी बसलेला आहे.

मराठीत हे नवीन नाही. सोम्यागोम्या हे कुणाचं तरी खरं नाव होतं. जुन्या मुंबईत कोकणातून आलेल्या घरकाम करणाऱ्याला सरसकट 'रामा' म्हणत. त्याचं नाव विठोबा असो की धोंडू, शेठच्या घरी तो रामा. हाक मारणाऱ्याला त्यात काही वावगं वाटत नसे, आणि हाकेला ओ देणाऱ्याला काय वाटत असेल, ते कुणी विचारलं नाही. जॅकची गोष्ट वाचताना हा रामा सारखा आठवतो.

पण जॅकला मराठीत सगळ्यात जवळचा शब्द रामा नव्हे. तो आहे गडी.

घरगडी, सालगडी, रांगडा गडी. खेळायला दोन बाजू पाडताना 'आम्हाला एक गडी कमी पडतोय'. कबड्डीत गडी बाद, आणि वर्तमानपत्रात ५ गडी बाद १२०. चाकर, मर्द, भिडू आणि क्रिकेटची विकेट, एवढा पल्ला या दोन अक्षरांनी गाठला आहे. जॅकचंही असंच झालं. खलाशी तो जॅक टार, जंगलात झाडं तोडणारा लंबरजॅक, चर्चच्या मनोऱ्यावर चढून डागडुजी करणारा स्टीपलजॅक. प्रत्येक ठिकाणी जॅकच्या जागी गडी ठेवून बघा, वाक्य मराठीत उभं राहतं. फक्त एका ठिकाणी दोन्ही भाषांची वाट वेगळी होते. आपण गड्याचं नाव यंत्राला दिलं नाही. आपण जनावरांची नावं दिली: रंग द्यायला चढतात ती घोडी, तंबोऱ्याच्या तारा जिच्यावरून जातात ती घोडी, बंदुकीचा घोडा. इंग्रजांनीही घोडा आणि करकोचा (म्हणजे क्रेन) वापरलाच, पण त्यांनी चाकरालाही अवजारात बसवलं.

हे कसं घडलं, ते त्यांच्या जुन्या मोठ्या स्वयंपाकघरात नीट दिसतं. मांसाचा मोठा तुकडा लोखंडी सळईत खुपसून उघड्या आगीसमोर तासन् तास फिरवायचा. थांबला की एक बाजू करपते आणि दुसरी कच्ची राहते, म्हणून फिरवणं सतत आणि एका गतीने हवं. हे काम एका पोराचं. आगीच्या बाजूचा गाल भाजलेला, पाठ गारठलेली, कपाळावरून घाम आणि अंगावर उडणारी चरबी. पुढे काही घरांत भिंतीवर लाकडी चाक बसवून त्यात आखूड पायांचा कुत्रा पळवू लागले. आणि मग आलं यंत्र. वजनाला दोरी बांधून ती पिंपाला गुंडाळायची, वजन हळूहळू खाली उतरतं, दातेरी चाकं फिरतात, आणि टोकाला जड चक्र बसवलेलं असतं म्हणून वेग एकदम वाढत नाही. दुसऱ्या प्रकारात धुराड्यात पंखा बसवायचे, वर जाणाऱ्या गरम हवेने तो फिरायचा, आणि आग मोठी झाली की आपोआप जोरात फिरायचा. या सगळ्या यंत्रांना नाव पडलं जॅक. पोराची जागा घेतली, म्हणून पोराचंच नाव. पुढे पितळी बाटलीसारख्या डब्यात चावीची स्प्रिंग भरलेलं छोटं यंत्र निघालं, खाली मांस टांगायचं आणि ते आपोआप गरगर फिरायचं. त्याला म्हणत बॉटल जॅक. टेम्पोखाली पोरगा सरकवत होता त्याचंही नाव बॉटल जॅक. त्या दोघांत बाटलीचा आकार सोडला तर काहीच सारखं नाही.

घट्ट बूट काढणारी ती फळी घ्या. एका टोकाला इंग्रजी व्हीसारखी खाच, खाली आडवी पट्टी असल्याने ते टोक जरा उचललेलं. एका पायाने फळी दाबून धरायची, दुसऱ्या पायाची टाच खाचेत अडकवायची आणि पाय वर ओढायचा. हे आधी कुणी करत होतं? चाकर, मालकासमोर बसून. फळीचं नावही जॅक.

टेम्पोखालचा जॅक मात्र जरा थांबून बघण्यासारखा आहे, कारण रस्त्यावर त्याच्याशी गाठ पडते तेव्हा तो नीट माहीत नसल्याने हातपाय मोडतात. त्याच्या पोटात दोन दट्टे असतात, एक बारीक आणि एक जाड. समजा बारकाचा व्यास १० मिलिमीटर आणि जाडाचा ४०. व्यास चौपट म्हणजे क्षेत्रफळ १६ पट. वर पंपाचा दांडा तरफेचं काम करतो, तो धरा १० पट. हाताने २५ किलोचा जोर लावला, तर घर्षण सोडून वर ४,००० किलो मिळतात. हे फुकट मिळत नाही. बारका दट्टा १६ मिलिमीटर खाली गेला की जाडा जेमतेम १ मिलिमीटर वर येतो, म्हणून तो पोरगा इतका वेळ दांडा खालीवर करत होता. बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो, हे पास्कालने सतराव्या शतकात मांडलं. त्यावर जोसेफ ब्रामाने १७९५ मध्ये दाबयंत्राचं पेटंट घेतलं, आणि उचलून नेता येईल असा हायड्रॉलिक जॅक न्यूयॉर्कच्या रिचर्ड डजनने १८५१ मध्ये पेटंट केला. म्हणजे पुस्तकातला नियम रस्त्याकडेला पोचायला दोन शतकं लागली.

बिघडतो तो बहुतेक वेळा दोनच कारणांनी. आतल्या झडपा म्हणजे पोलादी छर्रे, आपल्या बैठकीत चपखल बसणारे. तेलातून आलेला एखादा कण छऱ्याखाली अडकला की दाब गळतो आणि उचललेली गाडी डोळ्यांदेखत हळूहळू बसते. दुसरं कारण हवा. जॅक डिकीत आडवा पडून असतो, तेल कमी असेल तर आत हवा शिरते, आणि मग दांडा मऊ लागतो, गाडी उचलत नाही. अशा वेळी जॅक उभा करावा, तळाचा दाब सोडायचा स्क्रू सैल करून दांडा दहा-पंधरा वेळा भराभर मारावा, मग दट्टा पूर्ण खाली दाबून बाजूच्या रबरी बुचापाशी तेलाची पातळी बघावी. तेल बुचाच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत हवं, आणि ते जॅकचंच तेल हवं. घाईत ब्रेकचं तेल ओतणारे भेटतात. त्याने आतली रबरं फुगतात आणि जॅक कायमचा जातो.

छोट्या मोटारीत बॉटल जॅक नसतो, चौकोनी पंजाचा कात्री जॅक असतो. त्यात तेल नाही, नुसता आडवा स्क्रू. तो पूर्ण मिटलेला असताना फिरवायला सगळ्यात जड जातो, आणि पुष्कळ जणांना वाटतं की गंजलाय. गंज नसतो, ती भूमिती असते. हात जमिनीशी २० अंशांत असताना ४०० किलो उचलायला स्क्रूवर जवळजवळ १,१०० किलोचा ताण येतो. तेच हात ६० अंशांवर पोचले की ताण २३० किलोंच्या आसपास उतरतो. पहिली चार वळणं जड, मग हलकं. स्क्रूचे आटे इतके कमी उताराचे असतात की घर्षणामुळे वजनाने तो आपणहून उलटा फिरत नाही. या घर्षणात निम्म्याहून जास्त मेहनत वाया जाते, पण त्याच घर्षणाच्या जोरावर गाडी वर थांबते. तरी गाडीखाली डोकं, हात, पाय घालू नये. कधीच नाही. उचलण्यासाठी जॅक, धरून ठेवण्यासाठी घोडी, म्हणजे गाडीखाली ठेवायचा लोखंडी स्टँड, हे गॅरेजवाला सांगतो ते अक्षरशः खरं आहे.

क्रमही महत्त्वाचा. सपाट, टणक जागा. हँडब्रेक, आणि गिअरमध्ये गाडी. बसलेल्या चाकाच्या तिरक्या समोरच्या चाकाला दोन्ही बाजूंनी दगड. मग चाक जमिनीवर टेकलेलं असतानाच सगळे नट अर्धा-अर्धा आटा सैल करायचे. ही पायरी चुकते आणि गाडी वर उचलल्यावर पाना मारताना चाक तरी गरगरतं किंवा गाडीला हिसका बसून जॅक लवंडतो. जॅक कुठे लावायचा ते पत्र्यावर दोन खाचांनी दाखवलेलं असतं, तिथे पत्रा दुहेरी असतो. दुसरीकडे लावला तर पत्रा आत जातो. उन्हाळ्यात डांबर मऊ झालेलं असलं की खाली फळी हवीच, आणि पोराने ती टाकली होती. काढलेलं चाक गाडीच्या कडेखाली आडवं सरकवून ठेवायचं, जॅक सटकला तर गाडी चाकावर बसेल. नट हाताने लावायचे, समोरासमोरचे आळीपाळीने, आणि शेवटचा आवळ चाक जमिनीला टेकल्यावर. जी स्टेपनी आपण बसवतो तिच्या नावालाही पत्ता आहे: वेल्समधल्या लानेथली गावातला स्टेपनी रस्ता, जिथे १९०४ मध्ये जादा चाकाचा हा धंदा सुरू झाला. आपण ते नाव अजून वापरतो.

जॅकमध्ये चाकराबरोबर आणखी एक छटा आहे, ती लहानपणाची आणि हलकेपणाची. सुताराचा जॅक प्लेन हा ओबडधोबड कामाचा रंधा, साधारण १४-१५ इंची. त्याचं पातं टोकांना किंचित गोलसर घासलेलं असतं, म्हणजे जाड सालपं भराभर निघतात. सफाईचं काम मग दुसऱ्या रंध्याचं. छपराच्या कोपऱ्यात आखूड पडणारा वासा तो जॅक राफ्टर. आणि जुन्या मुंबईतल्या, रेल्वेच्या आणि बांधकाम खात्याच्या इमारतींत मान वर केली की दिसतो तो जॅक आर्च: दीडेक मीटरवर लोखंडी गर्डर, त्यांच्यामध्ये विटांच्या उथळ कमानी, वर चुन्याचा कोबा. छोटी, दुय्यम कमान म्हणून जॅक. मधल्या कमानी एकमेकींना रेटून धरतात, पण टोकाच्या कमानीला पलीकडे रेटायला कुणी नसतं, म्हणून तिथे लोखंडी सळया घालून गर्डर बांधावे लागतात. गच्ची गळायला लागली की गर्डरची खालची पट्टी गंजून फुगते, गिलाव्याला गर्डरच्या रेषेत सरळ तडा जातो, आणि मग कडेची वीट सैल होते. असा सरळ लांब तडा दिसला की रंग मारून तो झाकू नये. तो गंज सांगत असतो.

जहाजाचा जॅक हाही छोटा झेंडाच. मोठा झेंडा मागच्या टोकाला, छोटा पुढच्या काठीवर. युनियन जॅक या नावात हाच छोटेपणा आहे की पहिल्या जेम्स राजाचं फ्रेंच रूप 'झाक' आहे, यावरही जुना वाद आहे. पुन्हा तेच दोन दावेदार. भारतीय नौदलाची युद्धनौका बंदरात उभी असते तेव्हा तिच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, जॅक म्हणून तिरंगा असतो, आणि मागच्या टोकाला नौदलाचा झेंडा, ज्यावर २ सप्टेंबर २०२२ पासून शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आहे.

पत्त्यांत मात्र मराठीने जॅकला नेमकं ओळखलं. गुलाम. इंग्रजीतही आधी तो जॅक नव्हता, नेव्ह होता. नेव्ह म्हणजे मुळात पोरगा, मग चाकर, मग हलकट. अरबीत गुलाम म्हणजेही आधी मुलगा, तरुण, आणि मग दास. आणि मराठीत पोऱ्या म्हणजे पोर, आणि हॉटेलात फडकं मारणारा तो. तीन भाषांत एकच उतरण, मुलगा ते नोकर. जॅक म्हणणं तेव्हा खालच्या थरातलं मानलं जाई. १८६१ मध्ये पुस्तकरूपाने आलेल्या डिकन्सच्या 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'मध्ये श्रीमंत घरातली मुलगी गरीब पोराला याच एका शब्दावरून हिणवते. पुढे पत्त्यांच्या कोपऱ्यात अक्षरं छापायची पद्धत आली, किंगचा के आणि नेव्हचा केएन हातात पंखा धरला की सारखेच दिसायला लागले, आणि जॅकचा जे कायम झाला. जॅकपॉटही इथलाच. पोकरच्या एका प्रकारात निदान दोन गुलाम किंवा त्याहून वरचढ पानं हातात असल्याशिवाय डाव उघडता येत नसे, तोवर पैशांचा ढीग वाढत राही.

हेडफोनचा जॅक वेगळ्या वाटेने आला, असं मानतात. शिकागोच्या चार्ल्स स्क्रिब्नरने टेलिफोन जोडण्याच्या फळ्यासाठी एक स्विच केला, तो मिटायच्या मोठ्या चाकूसारखा दिसे. अशा चाकूला जॅक-नाइफ म्हणत, म्हणून ते जॅक. खरं तर भोक म्हणजे जॅक आणि आत जाते ती पिन, पण आपण दोन्हींना जॅक म्हणतो. आतली पातळ पितळी पट्टी पिन घुसली की उचलली जाते, आणि रेडिओचा स्पीकर बंद होऊन आवाज कानात येतो. पिन काढल्यावर स्पीकर गप्पच राहिला, तर तीच पट्टी थकून वर अडकलेली असते, किंवा खिशातला कापूस आत दाबून बसलेला असतो. सुई घालू नये, पट्टी वाकते. लाकडी टूथपिकने हलकेच कापूस काढावा, पिन पाच-सहा वेळा घालून काढावी. बऱ्याचदा तेवढ्याने आवाज परत येतो.

या सगळ्या गोतावळ्यात दोन जण मात्र परके आहेत, आणि ते दोघेही आपल्या बाजूचे. जॅकफ्रूट आणि जॅकल.

फणसाला मल्याळममध्ये चक्का म्हणतात. पोर्तुगीजांनी त्याचं जाका केलं. गोव्यात राहिलेल्या गार्सिया द ओर्ताने १५६३ मध्ये गोव्यातच छापलेल्या वनस्पतींवरच्या ग्रंथात जाका आहे. इंग्रजांनी ते ऐकलं आणि घरच्या जॅकसारखं करून टाकलं. विल्यम जॅक नावाच्या एका स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञावरून हे नाव पडलं असंही सांगितलं जातं, पण त्याचा जन्म १७९५ चा, आणि फणस तोवर दोनशेहून जास्त वर्षं जाका होता. शब्दांच्या बाबतीत अशी चूक फार होते: सारखं नाव सापडलं की माणसं तारीख बघत नाहीत. आपल्याला त्या नावाची गरजच पडली नाही. पनसवरून फणस झाला, कापा आणि बरका झाला, आणि खोबरेल हाताला, सुरीला आणि विळीला चोपडल्याशिवाय त्याला कुणी हात लावला नाही, कारण तो चीक साबणाने जात नाही. कोल्ह्याची वाट आणखी लांबची. संस्कृतातला शृगाल फारसीत शगाल झाला, तुर्कीत चकाल झाला, आणि तिथून इंग्रजीत जॅकल. इथलाच शब्द इतकी मुलुखगिरी करून इंग्रजी टोपी घालून परत आला, आणि त्याला कुणी ओळखलं नाही.

आणि मग तो फोनवरचा जॅक. वशिला हा आपला जुना शब्द, अरबी वसीलावरून आलेला, साधन या अर्थाचा. वशिल्याचं तट्टू म्हटलं की चालता न येणारं जनावर पुढे ढकललं जातंय असं डोळ्यांसमोर येतं, त्यात चीड आहे. जॅक लावण्यात ती चीड राहिलेली नाही, त्याने वाईट वाटतं. तो तंत्राचा शब्द आहे, चाक बसलं तर जॅक लावायचाच, त्यात लाज कसली. शब्द बदलला तेव्हा नजरही बदलली. ड्रायव्हरच्या वाक्यातला 'वरून' मात्र डोक्यातून जात नाही. लोखंडी जॅक कधी वरून लागत नाही. तो खालून लागतो, जमिनीवर पाय रोवून, आणि सगळा भार आपल्या अंगावर घेतो. कोशातले बहुतेक सगळे जॅक तसेच आहेत, खालचे. आगीसमोरचा पोरगा, बूट ओढणारा, गर्डरांमधली छोटी कमान. फक्त आपल्या या मराठी जॅकला वर जागा मिळाली आहे.

तिकडे टपरीवर पोराने नवी ट्यूब घालून चाक चढवलं, नट हाताने फिरवले, आणि तळाचा स्क्रू जेमतेम अर्धा आटा उघडला. एकदम उघडला तर गाडी आदळते. टेम्पो सुस्कारा टाकल्यासारखा खाली आला, टायरची कड जमिनीवर पसरली, ताडपत्रीच्या दोऱ्या सैल पडल्या. त्याने पान्यावर उभं राहून एकेक नट आवळला, दट्टा तळहाताने आत दाबला, आणि जॅक उभाच धरून फडक्याने पुसला. ड्रायव्हरचा फोन पुन्हा वाजला.

"लागला का?" तो घाईने म्हणाला.

"काढला पण, मामा," पोरगा म्हणाला, आणि फळी उचलून आत गेला.